‘टुमदार’ म्हणायचं बंद करा

मी वालदेमोसात चार तास दहा मिनिटं होते. हे नेमकं माहीत आहे, कारण जाता-येतानाची बसची दोन्ही तिकिटं अजून माझ्या पाकिटात आहेत. तेवढ्या वेळात मी दोनशेच्या वर फोटो काढले, बटाट्याच्या पिठूळ गोड पावाचे दोन नग खाल्ले (त्याला तिथं कोका दे पताता म्हणतात), फ्रिजवर लावायचं एक चुंबक घेतलं, एकदा स्वच्छतागृह वापरलं आणि परतीच्या बसमध्ये बसून एक रील टाकली. वर लिहिलं, ‘डोंगरातलं टुमदार गाव’. मी आजवर टाकलेल्या रील्समध्ये ती सगळ्यात जास्त पाहिली गेली.

हा लेख त्या एका शब्दाच्या विरोधात आहे. आणि थोडासा माझ्याही.

मायोर्का हे भूमध्य समुद्रातलं स्पेनचं बेट. मी जर्मनीत असते, आणि जर्मन लोक या बेटाला थट्टेनं आपलं सतरावं राज्य म्हणतात, इतके ते तिथं जातात. स्वस्त विमान मिळालं, दोन मैत्रिणी होत्या, चार दिवस होते. तीन दिवस समुद्र, एक दिवस डोंगर, असा सरळ हिशेब. डोंगर म्हणजे सेरा दे त्रामुंताना, बेटाच्या वायव्य काठाला धरून गेलेली रांग. आणि तिथलं एका दिवसात उरकता येणारं गाव म्हणजे वालदेमोसा. पाल्मा या राजधानीपासून वीसेक किलोमीटर. लोकवस्ती दोन हजारांच्या आसपास.

गाव देखणं आहे, यात वाद नाही. पिवळट-तपकिरी दगडाची घरं, हिरवी खिडक्यांची दारं, चढत जाणाऱ्या फरसबंद गल्ल्या आणि प्रत्येक दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर टांगलेल्या कुंड्या. जवळजवळ प्रत्येक दाराशी एक रंगीत टाइल. आपल्याकडे दारावर गणपतीची टाइल असते ना, तशी. त्यावर सांता कातालिना तोमास, याच गावात १५३१ साली जन्मलेली शेतकऱ्याची मुलगी. ती पुढं पाल्मात जोगीण झाली, आणि १९३० साली तिला संतपद मिळालं. टाइलवर चित्राखाली ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ असं लिहिलेलं असतं. मी त्या टाइल्सचे चौदा फोटो काढले. काय लिहिलंय ते खोलीवर आल्यावर शोधलं.

एका दारासमोर मी कुंड्यांचा फोटो घेत होते, तेवढ्यात दार उघडलं. सत्तरीच्या बाई, हातात झारी. मी बाजूला सरकले, हसले. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. रस्त्यात मध्येच खांब असावा तशा मला वळसा घालून त्यांनी पाणी घातलं आणि दार लावून घेतलं. त्या आत गेल्यावर मी तोच फोटो पुन्हा काढला. पानं आता ओली होती, जास्त छान दिसत होती.

टुमदार म्हणजे हे. दुसऱ्याच्या घरकामाला आपण दिलेलं नाव.

*

येताना बसच्या खिडकीतून डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं दिसतात. प्रत्येक पायरी एका दगडी बांधानं धरून ठेवलेली. त्या बांधात सिमेंट नाही, चुना नाही. दगडावर दगड नुसता बसवलेला. मी दापोली तालुक्यातली. आमच्याकडे जांभ्या दगडाची अशीच भिंत घालतात, तिला गडगा म्हणतात. मैत्रिणींना मी उत्साहानं सांगितलं, अगं, हा तर आमचा गडगा! त्यांनी ‘सो क्यूट’ म्हटलं.

हे क्यूट प्रकरण कसं उभं राहिलं ते ऐका. इसवी सन ९०२ मध्ये हे बेट मुस्लिम सत्तेखाली आलं. त्या लोकांनी पाटाचं पाणी डोंगरात खेळवलं. १२२९ साली ख्रिस्ती राजानं बेट जिंकलं, माणसं मारली, गुलाम केली, पण पाटाचं पाणी ठेवलं. पुढची कित्येक शतकं शेतकरी, कूळ, मजूर या उतारावरचे दगड वेचून बांध घालत राहिले, म्हणजे माती पावसाबरोबर वाहून जाऊ नये आणि ऑलिव्हचं झाड उभं राहावं. युनेस्कोनं २०११ साली त्रामुंतानाला जागतिक वारसा म्हटलं ते ‘सांस्कृतिक भूप्रदेश’ म्हणून. म्हणजे निसर्गासाठी नाही, माणसांनी निसर्गावर केलेल्या कष्टासाठी. २०१८ साली असे बिनचुन्याचे बांध घालण्याच्या कलेलाही युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. स्पेनसह आठ युरोपीय देशांनी मिळून ती मागितली होती.

पण यादीत नाव आल्यानं बांध उभा राहत नाही. पावसात तो फुगतो, ढासळतो, आणि कुणीतरी जाऊन परत रचावा लागतो. या अरुंद पायऱ्यांवर ट्रॅक्टर चालत नाही, सगळं काम हातानं. असलं ऑलिव्ह सपाट मैदानातल्या यंत्रानं काढलेल्या ऑलिव्हशी भावात टिकत नाही. म्हणजे ज्या शेतीनं हे दृश्य तयार केलं ती शेती परवडत नाही, आणि जे दृश्य उरलं त्यावर हॉटेलं चालतात. हॉटेलच्या बिलातला किती भाग बांध रचणाऱ्यापर्यंत पोचतो, हे आपण रूम बुक करताना विचारत नाही. मी तर रूमही पाल्मात घेतली होती.

बेटांवर २०१६ पासून पर्यटन कर आहे. हंगामात माणशी, रात्रीमागे साधारण १ ते ४ युरो. लक्षात घ्या, रात्रीमागे. तो मी राहिले तिथं भरला. वालदेमोसात मी रात्र काढलीच नाही. तिथल्या गल्लीचा कचरा, गर्दी, नळाचं पाणी मी वापरलं, आणि तिकीट, कॉफी, पाव, चुंबक मिळून तीस युरोंच्या आत खर्च केला. एका दिवसाचा पर्यटक हा गावाच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट पाहुणा. जेवायला येतो आणि ताट न धुता जातो, असं आमची आजी म्हणाली असती.

*

इथं कुणीतरी म्हणेल, मग राहा ना जास्त दिवस. ‘स्लो ट्रॅव्हल’ कर. लोकांशी बोल, त्यांच्यातली हो.

या गावात ‘स्लो ट्रॅव्हल’चं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आहे. १८३८ च्या नोव्हेंबरात फ्रेंच लेखिका जॉर्ज सँड आपली दोन मुलं आणि अठ्ठावीस वर्षांचा शोपँ यांच्यासह बेटावर आली. शोपँ आजारी पडला, डॉक्टरांनी क्षय सांगितला, घरमालकानं घर सोडायला लावलं. डिसेंबरात ते वालदेमोसाच्या मठात राहायला गेले. १३९९ साली स्थापन झालेला हा मठ १८३५ मध्ये सरकारनं भिक्षूंकडून काढून घेतला होता, खोल्या रिकाम्या होत्या. शोपँचा पियानो कस्टममध्ये अडकला, तो जानेवारीत पोचला. तिथं त्यानं आपले प्रेल्यूड्स पुरे केले. फेब्रुवारीत सगळे परत गेले, ज्या जहाजातून गेले त्यात डुकरंही होती.

मग सँडनं पुस्तक लिहिलं, ‘मायोर्कातला एक हिवाळा’. डोंगर तिला फार आवडला. माणसं नाही. गावकरी आळशी, लबाड, रानटी, माकडांसारखे, असं तिनं छापलं. ते जास्त पैसे घेतात, मदत करत नाहीत, ही तक्रार पानोपानी. क्षयाला घाबरलेल्या, गरीब, धर्मभीरू गावात एक लग्न न केलेलं जोडपं आजारी माणसाला घेऊन राहायला येतं तेव्हा गावाला काय वाटत असेल, एवढा एक प्रश्न दोन महिन्यांत तिला पडला नाही. आजच्या भाषेत, व्ह्यू पाच स्टार, सर्व्हिस एक स्टार. होसेप मारिया क्वाद्रादो या इतिहासकारानं १८४१ सालीच तिला खरमरीत उत्तर दिलं. शंभरेक वर्षांनी शेजारच्या देया गावात राहणाऱ्या रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीनं तिचं पुस्तक इंग्रजीत आणलं तेव्हा तळटीपांमध्ये तिच्या चुका काढत गेला.

आता गंमत बघा. ते पुस्तक मठाच्या दुकानात विकायला आहे. अनेक भाषांत, नीट रचून ठेवलेलं. ज्या गावाला त्यात माकडं म्हटलंय, तेच गाव ते रोज विकतं. शोपँची खरी खोली कोणती, खरा पियानो कोणता, यावरून दोन मालक कोर्टापर्यंत गेले, २०११ साली निकाल लागला. मी ते पुस्तक हातात घेतलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर आलं नाही. आपल्याला शिव्या देणारी बाई हेच आपलं भांडवल, अशी वेळ ज्यांच्यावर येते त्यांनी दुसरं काय करायचं?

म्हणून सांगते, जास्त दिवस राहिल्यानं माणूस शहाणा होत नाही. सँड आठ आठवडे राहिली. नजर बदलली नाही तर जास्त दिवस राहून फक्त जास्त पानं लिहून होतात.

*

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पर्यटनावर त्यांचं पोट आहे. तू नाही गेलीस तर ते खातील काय?

खरं आहे. मायोर्का पन्नास-साठच्या दशकांपासून पर्यटनावर श्रीमंत झालं. त्याआधी इथली माणसं पोटासाठी क्युबा, अल्जीरिया, फ्रान्स गाठत होती. गरिबी छान होती असं कुणी म्हणत असेल तर त्याला गरिबी माहीत नाही. पण प्रमाण बघा. बेटाची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात. २०२४ या एका वर्षात तिथं १ कोटी ३० लाखांहून जास्त पर्यटक आले. त्याच वर्षी मे आणि जुलैमध्ये पाल्माच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. आपल्याकडे त्या बातम्या ‘युरोपात पर्यटकांना हाकलतात’ अशा फिरल्या, खाली कॉमेंट्समध्ये ‘एवढा माज असेल तर भीक मागा’. पिचकाऱ्यांचा तो व्हायरल व्हिडिओ मुळात बार्सेलोनाचा. पाल्माच्या मोर्च्यातली माणसं घराबद्दल बोलत होती. वेटर, नर्स, शिक्षक यांना भाड्याचं घर मिळत नाही. कामावर असलेली माणसं कॅराव्हॅनमध्ये राहतात. ज्या घरात कुटुंब राहायचं ते आता आठवड्याच्या भाड्यानं जातं, कारण एका आठवड्यात महिन्याचे पैसे सुटतात.

म्हणजे पर्यटनावर पोट आहे, पण ज्यांचं पोट आहे त्यांनाच राहायला जागा नाही. मग ‘त्यांचं पोट’ हा मुद्दा नक्की कुणाच्या बाजूचा?

परतीची बस मला आठवते. थांब्यावर रांग होती, आम्ही वेळेआधी येऊन उभ्या राहिलो म्हणून जागा मिळाली. गावाबाहेरच्या पुढच्या थांब्यावर एक बाई उभी होती, कामाचे कपडे, हातात दोन पिशव्या. तिनं हात केला. बस भरलेली होती, थांबली नाही. ड्रायव्हरनं हातानंच ‘मागून’ अशी खूण केली. आमच्या बसमध्ये बहुतेक सगळे माझ्यासारखे होते, खिडकीला मोबाइल लावून. ती कुणाच्या हॉटेलच्या चादरी बदलून घरी चालली होती की नव्हती, मला माहीत नाही. ती तिथं राहत होती आणि बस माझी होती, एवढं खरं.

*

आता माझं.

मी जर्मनीत शिकायला आले तो खर्च कुठून आला? आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला वरकस जमीन होती. काजू, चार आंबे, बाकी कातळ. आजोबांनी स्वतः घातलेला गडगा होता. चार पिढ्या कुणी त्या जमिनीकडे ढुंकून बघितलं नव्हतं. मग एजंट आला, म्हणाला, इथून समुद्र दिसतो. बाबा आणि काकांनी अर्धी विकली. जेसीबी आला, गडगा एका दुपारी गेला, आणि आता तिथं सहा ‘सेकंड होम’ आहेत. वर्षातले वीसेक दिवस दिवे लागतात. विहीर वाडीची आहे तीच, मे महिन्यात तळ गाठते. वर पाण्याचा टँकर जातो तेव्हा वाडीतल्या बायका बघत राहतात. त्या बंगल्यांच्या जाहिरातीत काय लिहिलंय ते मी सांगायला नको. ‘टुमदार कोकणी गावात.’

म्हणजे वालदेमोसाला जाणारं माझं विमानाचं तिकीट, फार लांबून का होईना, आमच्या काजूच्या बागेतून आलं. एक डोंगर विकून मी दुसरा बघायला गेले.

मी काकांना फोटो पाठवले होते. त्यांचा फोन आला. म्हणाले, “मस्तच आहे गं गाव. आपल्या वाडीत करता येईल का असं? कुंड्या लावू, भिंती रंगवू.”

मी म्हटलं, “काका, तिथल्या लोकांना तिथं राहायला घर मिळत नाहीये.”

“आपल्याला घर आहे. लोक नाहीत,” काका म्हणाले. “तुम्ही सगळी गेलात. मग आता आम्ही गाव तुमच्यासाठी जसंच्या तसं जपून ठेवायचं की काय? मे महिन्यात येऊन बघायला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. कारण तेही बरोबर आहेत: गावाला गावच राहू दे, असं म्हणणारी शहरातली शिकलेली मुलगी आणि त्या कुंड्यांचा फोटो काढणारी मुलगी यांत फार फरक नाही. दोघींना गाव आपल्या डोळ्यांसाठी हवं असतं. ‘टुमदार’ या शब्दाचं हेच पाप आहे. तो गावाला लहान ठेवतो. टुमदार गावाला नवीन शाळा, गटार, मोबाइलचा टॉवर, मुलांचा गोंगाट चालत नाही. फोटो बिघडतो.

म्हणून माझं म्हणणं ‘जाऊ नका’ असं नाही, आणि ‘विकू नका’ असंही नाही. एकट्या माणसावर हे ओझं टाकणं लबाडी आहे. घरात आजारपण, मुलीचं शिक्षण, कर्ज असताना समोरून येणाऱ्या पैशाला नाही म्हणणं हे एका कुटुंबाचं काम नव्हे. ते कायद्याचं, ग्रामसभेचं काम आहे. मायोर्कात निदान हे भांडण उघड्यावर आहे. पाल्मा शहरानं २०१८ मध्ये फ्लॅट पर्यटकांना भाड्यानं द्यायला बंदी केली. २०२२ मध्ये बेटांनी नव्या पर्यटक खाटांना परवाने देणं काही वर्षांसाठी गोठवलं, आणि पाल्मा बंदरात एका दिवशी सहसा तीनच क्रूझ यावीत असा करार झाला. हे पुरलं नाही, आकडे वाढतच गेले, म्हणून लोक पुन्हा रस्त्यावर आले. पण ‘किती’ हा प्रश्न तिथं विचारला जातो. आमच्या ग्रामसभेत गेल्या वर्षी पर्यटनावर चर्चा झाली ती पार्किंग कुठं करायचं याची. किती बंगले, किती पाणी, वर्षातले किती दिवस कुलूप, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी तेव्हा व्हिडिओ कॉलवर आजीला विचारत होते, आंबे आले का.

आणि तुम्ही, जे हे बसमध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचताय, तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. बघणं हा आपला हक्क आहे असं समजू नका. एखादं गाव म्हणालं, आता पुरे, तर अपमान झाल्यासारखं कॉमेंट टाकू नका. आपल्या घराण्याची जमीन कुठं आहे, सातबाऱ्यावर कुणाची नावं आहेत, ती कुणाला विकली जातेय, तिथल्या पाण्याचं काय होणार, हे विचारा. ‘ऑफबीट’ जागा शोधण्यात घालवता त्यातला एक तास पुरतो. आणि तो शब्द टाका. गावाला नाव आहे, ते घ्या. घर दगडाचं असेल तर दगडाचं म्हणा, कुंडीला पाणी कोण घालतं ते दिसलं असेल तर सांगा.

ती रील मी काढलेली नाही. खाली आता लिहिलं आहे की मी तिथं चार तास दहा मिनिटं होते आणि कुंड्या कुणाच्या ते मला माहीत नाही. त्यानंतर ती फारशी कुणी बघत नाही.

उरलेली अर्धी वरकस जमीन विकायची बोलणी गणपतीत होणार आहेत. बाबा गेल्यापासून सातबाऱ्यावर माझं नाव आहे, त्यामुळे माझीही सही लागेल. चुलत भावाला त्या पैशातून चिपळुणात दुकान टाकायचं आहे. काका फोनवर म्हणाले, “तुझं शिक्षण झालं तेव्हा कुणी तुला प्रश्न विचारले नव्हते हो.” खरंच नव्हते विचारले. मी तिकीट काढलं आहे. सही करायच्या आधी ग्रामसभेत विहिरीचा प्रश्न मांडायचा, एवढं ठरवलं आहे. भाऊ मला माफ करेल की नाही, माहीत नाही.